चाकांची अदलाबदल (मोटारगाडी)

मोटारगाडीला दुसऱ्या मॉडेलची चाके बसविणे म्हणजे चाकांची अदलाबदल होय. बोल्टांची भोके जुळली, एवढ्यावरून चाक सुरक्षित ठरत नाही.

जुळणीचे घटक

बोल्ट-वर्तुळ: ४×१०० म्हणजे १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर ४ बोल्ट.

मध्यछिद्र: ते हबपेक्षा लहान असल्यास चाक बसत नाही, मोठे असल्यास चाक केंद्रातून सरकून कंप निर्माण होऊ शकतो.

ऑफसेट: चाकाची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतील अंतर. ते बदलल्यास टायर मडगार्डला किंवा सस्पेन्शनला घासू शकतो आणि बेअरिंगवरील ताण वाढू शकतो.

टायर: त्याची भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी नसावी. एकूण व्यास बदलल्यास वेगमापक चुकीचा वेग दाखवतो.

उदाहरण

सुझुकी व होंडाच्या अनेक लहान मोटारींचे बोल्ट-वर्तुळ ४×१०० असते. मध्यछिद्र मात्र सुझुकीत ५४.१ मिमी, तर होंडात ५६.१ मिमी असते. शिवाय सुझुकीचे नट शंक्वाकार असतात, तर होंडाच्या मूळ चाकांतील नटाची बैठक गोलाकार असते. होंडाचे चाक शंक्वाकार नटांनी आवळल्यास नट केवळ कडेवर टेकतो. तो घट्ट भासला तरी धावताना सैल होऊन चाक निखळू शकते.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळतः विनिर्दिष्ट केलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. बीड जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी बीड (एमएच-२३) व अंबाजोगाई (एमएच-४४) येथील परिवहन कार्यालयांत होते.