दार उघडायला किती जागा लागते?

नगरच्या सावेडीतल्या एका रो-हाउसचं काम गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आलं. पहिल्या भेटीत चहा येण्याआधीच सूनबाईंनी मोबाइल पुढे केला. राखाडी भिंती, एल आकाराचा सोफा, छतातून लोंबणारे सोनेरी दिवे, असे चाळीसेक फोटो. "मॅडम, अगदी असंच करून द्या." फोटो देखणे होते, पण त्यातल्या एकाही खोलीला पंखा नव्हता. नगरच्या मे महिन्यात!

मी वही काढली आणि भलतंच विचारायला लागले. पहाटे आधी कोण उठतं? गाडीची किल्ली कुठे टाकता? गावाकडून धान्य येतं का, आलं तर किती पोती? आजी खुर्चीत बसतात की खाली? सासरेबुवांना ही चौकशी जरा जास्तच वाटली असावी. पण खोलीची आखणी या उत्तरांवरूनच होते. रंग सगळ्यात शेवटी येतो आणि नाही आवडला तर दोन दिवसांत बदलताही येतो. चुकीच्या जागी ठोकलेलं कपाट मात्र पंधरा वर्षं सोसावं लागतं.

मग टेप. हॉल दहा बाय चौदा. दहा फुटांतले तीन फूट सोफा खाणार, दीड फूट टीव्हीचं युनिट. उरले साडेपाच. मध्ये दोन फुटी टीपॉय ठेवला की दोन्ही अंगांना पावणेदोन फूट. चहाचा ट्रे घेऊन जाणाऱ्या माणसाला निदान अडीच फूट वाट हवी. म्हणजे टीपॉय गेला. त्याच्याऐवजी सोफ्याखाली सरकणारी दोन स्टुलं.

लोक सामानाची जागा मोजतात, हालचालीची नाही. तीन फुटी दार नव्वद अंशांत उघडतं तेव्हा जमिनीवरची सुमारे सात चौरस फूट जागा अडवतं. तिथे काही ठेवता येत नाही, तरी फ्लॅट घेताना तिचे पैसे मोजलेले असतातच. नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना चौकट ठेवायची, पण दाराची फळी लावायची नाही अशी प्रथा आहे. तिथल्यासारखं काम मिळालं तर दर खोलीमागे सात चौरस फूट मोकळे सापडतील, असं मी गमतीने म्हणते. इतरांसाठी सरकतं दार आहे, नाहीतर दाराची बाजू बदलायची. बिजागऱ्या डावीकडच्या उजवीकडे नेल्या की कधी कधी पलंगाची जागा आपोआप सापडते.

आपल्याकडे जुनं घर खणांत मोजत. पाच खणी घर, सात खणी वाडा. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण, आणि ते लाकडाच्या ताकदीवर ठरायचं. त्यामुळे खोल्या अरुंदच असत, आणि तरीही गच्च वाटत नसत, कारण सामान भिंतीच्या पोटात असे: कोनाडा, देवळी, फडताळ. वर खुंट्या आणि कपड्यांची दांडी. जमीन पंगतीला आणि अंथरुणाला मोकळी. आजच्या नऊ इंची भिंतीत तसं फडताळ बसत नाही, पण पुढे आलेल्या दोन पिलरच्या मध्ये जी खाच उरते तिला मी हातची सोडत नाही. या घरात तिथे देवघर बसलं.

यानंतर ऊन. पश्चिमेची विटांची भिंत दुपारभर तापते आणि ती ऊब आत पोचायला काही तास घेते. रात्री दहाला आपण उशीवर डोकं टेकतो तेव्हा भिंत हाताला गरम लागते ती त्यामुळे. त्या भिंतीला पलंगाचं डोकं लावू नये. तिथे दोन फूट खोलीचं कपाट उभं करावं, मागे थोडी हवेची फट ठेवून. कपडे तापले तर तापू देत.

कोरडी हवा हे नगरचं भांडवलही आहे. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते, म्हणून इथे एप्रिलमध्ये साधा कूलर जे काम करतो ते कोकणातल्या दमट हवेत करू शकत नाही. फराह बागेत गेलं की हे जाणत्यांना केव्हाच ठाऊक होतं हे कळतं. नगरच्या आग्नेयेचा हा निजामशाही महाल अष्टकोनी, मधोमध दुमजली उंचीचा घुमटी दिवाणखाना, चहूबाजूंनी कमानी आणि भोवती पाण्याचा विस्तीर्ण हौद. आज हौद कोरडा आणि गिलावा झडलेला, तरी आतली सावली वेगळी लागते. मुर्तजा निजामशाहाला नियामत खानाने उभारलेली पहिली इमारत पसंत पडली नाही, ती पाडायला लावून काम सलाबत खानाकडे दिलं, असं सांगतात. 1583 मध्ये महाल पुरा झाला. गिऱ्हाईक ऐनवेळी मन बदलतं तेव्हा मला नियामत खान आठवतो.

बारीकसारीक गोष्टी मग पटापट ठरल्या. बोअरच्या पाण्यात क्षार, म्हणून काळा चकचकीत ग्रॅनाइट आणि काळे नळ बाद. त्यावर पांढरे डाग रोज दिसतात. धूळ भरपूर, म्हणून उघडे शेल्फ मोजके. ओट्याखाली प्रमाणचिन्ह असलेला मरीन प्लाय, बाकी ठिकाणी त्याहून स्वस्त चालतो. हॉलमध्ये दोन प्रकारचे दिवे: मुलांच्या अभ्यासाला पांढरा, रात्रीच्या गप्पांना पिवळसर, बटणं वेगवेगळी.

राखाडी रंगाचं आणि एल सोफ्याचं सूनबाईंनी सोडलं नव्हतं. मी हॉल रिकामा करवून घेतला, सोफा, युनिट, दाराची कमान सगळं खडूने फरशीवर काढलं आणि सांगितलं, दोन दिवस या रेघा पुसायच्या नाहीत, त्यांच्यावर पाय द्यायचा नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. रेघा जागच्या जागी होत्या. फक्त सोफ्याच्या चौकटीत, खिडकीकडच्या कोपऱ्यात, आजी पाय लांब करून ज्वारी निवडत बसल्या होत्या. "इथं उजेड चांगला पडतो गं," म्हणाल्या. सूनबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी ओल्या फडक्याने एलची आडवी बाजू पुसली.