‘बरा झाला’ आणि ‘मले बरं वाटते’

मनोव्याधीतून बरे होणे म्हणजे काय, याचे उत्तर सामान्यतः लक्षणांच्या उपशमात शोधले जाते : झोप परतली, भीती ओसरली, की रोग हटला. तरुणांच्या बाबतीत हे उत्तर अपुरे का पडते, याचा उलगडा अमरावती-अकोल्याकडील वऱ्हाडी बोलीच्या साध्या वाक्यांवरून होऊ शकतो.

‘तो बरा झाला’ या वाक्यात निर्णय तिऱ्हाइताचा असतो. आईवडील, शेजारी, डॉक्टर यांपैकी कोणीही तो देऊ शकतो. ‘मले बरं वाटते’ यात अनुभवणारा चतुर्थीत येतो (प्रमाण मराठीतील ‘ला’ऐवजी वऱ्हाडीत ‘ले’ हा प्रत्यय लागतो) आणि त्याची ग्वाही त्याच्यावाचून दुसऱ्यास देता येत नाही. ‘मी सावरलो’ या तिसऱ्या वाक्यात बोलणारा प्रथमेत येऊन स्वतः कर्ता बनतो.

ही तीन वाक्ये एकाच दिवशी खरी होत नाहीत. अकोल्यास वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीसाठी राहिलेला एखादा खेड्यातील मुलगा औषधोपचारानंतर पुन्हा वर्गात बसू लागला, की घरची मंडळी ‘बरा झाला’ म्हणतात. परंतु सोबती आपणास ‘पागल’ समजतात काय, पुढे काय शिकावे हे आपण ठरवू शकू काय, हे त्याचे प्रश्न तसेच उरतात. प्रौढास पूर्वस्थितीस परतता येते. तरुणाचे स्वत्व अद्याप घडत असल्याने त्यास परतण्याजोगी निश्चित पूर्वस्थितीच नसते.

२०११ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी या विषयावरील साहित्याचा परामर्श घेऊन व्यक्तिगत सावरण्याची पाच अंगे सांगितली : आपुलकीचे संबंध, आशा, स्वत्व, जीवनाचा अर्थ आणि निर्णयसामर्थ्य. त्यांपैकी एकही केवळ लक्षणांच्या मोजणीत सापडत नाही. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही, पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरूनच कोणास पुढे मनोरुग्ण ठरविता येणार नाही, असे सांगितले आहे. ‘पागल’ या शिक्क्याविरुद्ध हा महत्त्वाचा आधार होय.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. मदत गावापर्यंत पोचू शकते, हे यावरून सिद्ध झाले. तथापि ती सफल झाली किंवा नाही, हे पाहताना ‘बरा झाला काय?’ असे घरच्यांस विचारून थांबता येणार नाही. ‘तुले कसं वाटते?’ हा प्रश्न त्या तरुणासच, त्याच्याच बोलीत, विचारावयास हवा.