करवतीचा बार किती लांब असावा?

मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ डहाणूच्या किनाऱ्यासमोरून गेलें, तेव्हां घोलवड-बोर्डीकडील वाड्यांत चिकूचीं झाडें उन्मळून पडलीं. अशा वेळीं माणूस घाईनें दुकानांत जातो व सर्वांत लांब बाराची चेनसॉ उचलून आणतो. झाड मोठें म्हणून बार मोठा, हा हिशेब वरवर सरळ दिसतो. परंतु त्यांत कापणाऱ्याच्या जिवास धोका आहे.

बार म्हणजे यंत्रापुढें आलेली पोलादी पट्टी. कापते ती चेन. बार तिला केवळ वाट देतो. त्याची लांबी यंत्राच्या कवचापासून टोंकापर्यंतच मोजावी. आंत दडलेला भाग लांकडाच्या कामाचा नाहीं.

आपण झाड दोरी गुंडाळून घेरानें मोजतों. करवतीला व्यास लागतो. शाळेंतील बावीस सप्तमांश येथें कामीं येतात: घेरास ७ नें गुणून २२ नें भागावें. ४४ इंच घेराच्या खोडाचा व्यास १४ इंच. त्यांत २ इंच मिळविले कीं १६ इंची बार पुरे. घेर मात्र जेथें काप घ्यावयाचा तेथेंच मोजावा, कारण बुंधा खालीं रुंदावत जातो.

६६ इंच घेराचा, म्हणजे २१ इंच व्यासाचा, जुना आंबा असला तरी जाणता कामगार दोन्ही बाजूंनीं काप घेऊन तोच बार पुरवितो. झाड पाडावयाचें त्या बाजूस प्रथम खांच घ्यावी आणि मागून कापतांना मध्यें व्यासाच्या सुमारें दशांश जाडीचें लांकूड राखावें. तेंच बिजागरीप्रमाणें झाडास वळवितें. (उभा साग किंवा आंबा तोडावयाचा तर, तो स्वतःच्या जमिनींतला असला तरी, आधीं परवानगी हवी.)

लांब बाराचा खरा धोका टोंकाशीं आहे. टोंकाचा वरचा भाग लांकडास टेकला कीं चेन अडते आणि सारी करवत उसळून माणसाच्या तोंडाकडे येते. चिकूच्या फांद्या दाट, खालपासून फुटलेल्या. पडलेल्या झाडाच्या त्या जाळींत २२ इंची बाराचें टोंक पलीकडे कशास लागेल, हें दिसतच नाहीं. शिवाय दोन्ही टोंकांवर टेकलेलें खोड वरून कापूं लागलें कीं काप मिटतो व बार चिमटींत सांपडतो. तेथें थोडें वरून कापून उरलेलें खालून कापावें.

इंजिनाची शक्तीही पाहावी. ४५ ते ५० सी.सी.चें इंजिन १६ ते १८ इंचांस पुरतें. बाजारांत ५८ सी.सी.वर २२ इंची बार सर्रास देतात. पण सुरूसारख्या कठीण लांकडांत सारा बार बुडाला कीं चेन मंदावते आणि माणूस अंगाचा भार टाकूं लागतो. तलासरीकडील ताडाचें खोड बाहेरून कठीण, आंत तंतुमय. तेथें लांबीपेक्षां धार महत्त्वाची. बार बदलला तर चेनही त्याच मापाची घ्यावी लागते.

माझ्या मतें वाडीवाल्यास १६ इंची बार उत्तम. त्याहून जाड झाड क्वचितच पडतें. त्यासाठीं मोठें यंत्र व तें चालविणारा माणूस भाड्यानें आणावा. दुकानांत जाण्यापूर्वीं वाडींतील पांचदहा खोडांचे घेर वहींत लिहून न्यावेत.