घरचे ध्वनिमुद्रण : आधी खोली, मग मायक्रोफोन

अहिल्यानगर, प्रतिनिधी : संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४-१८१९) यांचे फटके आणि कवने कागदावर टिकली, मात्र त्यांच्या साथीच्या डफ-तुणतुण्याची लय कशी होती, हे आज कोणालाही ऐकता येत नाही. ग्रामोफोन कंपनीने भारतात ध्वनिमुद्रण सुरू केले ते १९०२ मध्ये, आणि त्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. आता हीच सोय घरातल्या संगणकावर आली आहे. सप्ताह, दिंड्या आणि भजनी मंडळांच्या या जिल्ह्यात घरोघरी पेटी, पखवाज आणि टाळ आहेत. घरातील वडीलधाऱ्यांचे वादन जपून ठेवावे, ही इच्छाही अनेकांची असते. प्रश्न उरतो तो साहित्य कोणते घ्यावे याचा.

मोबाइल का पुरत नाही?

मोबाइलमधील यंत्रणा मुख्यत्वे बोलणे टिपण्यासाठी केलेली असते. ती मोठा आवाज दाबते आणि बारीक आवाज उचलते. त्यामुळे पखवाजाची थाप आणि मागाहून रेंगाळणारी आस जवळपास एकाच पातळीवर ऐकू येतात आणि वादनातील चढउतार हरवतो.

खोलीची परीक्षा

नवशिके बहुधा महागडा मायक्रोफोन आधी घेतात आणि फसतात. मायक्रोफोन जितका संवेदनशील, तितका तो खोलीचा घुमारा, पंख्याची घरघर आणि रस्त्यावरील हॉर्न टिपतो. खोलीत मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. फरशी आणि कोऱ्या भिंतींमुळे ती झणझणत राहिली, तर जाड पडदे, गोधड्या, सतरंजी आणि कपड्यांचे उघडे कपाट यांचा उपयोग करावा. त्यासाठी वेगळा खर्च नाही. पत्र्याचे छप्पर असल्यास पावसात मुद्रण टाळलेलेच बरे.

काय घ्यावे?

शांत खोली असल्यास समोरचा आवाज अधिक टिपणारा, लहान पडद्याचा एक कंडेन्सर मायक्रोफोन पुरेसा आहे. सतार, तंबोरा, बासरी यांचे बारीक स्वर तो चांगले पकडतो. त्याला ४८ व्होल्टचा वीजपुरवठा लागतो. गोंगाटाच्या घरात डायनॅमिक मायक्रोफोन वाद्याजवळ ठेवणे हितावह. ढोलकी, पखवाजाला तो मानवतोही.

मायक्रोफोन संगणकाला जोडण्यासाठी ऑडिओ इंटरफेस लागतो. तो दोन मायक्रोफोन जोडता येतील असा आणि ४८ व्होल्टची सोय असलेला घ्यावा. थेट यूएसबीला जोडायचा मायक्रोफोन सोपा खरा. पण पुढे पखवाजाच्या दोन्ही तोंडांसाठी दुसरा लावायचा झाल्यास तो अडचणीचा ठरतो. कान झाकणारा हेडफोन, भक्कम स्टँड आणि चांगली केबल यांत काटकसर करू नये. हा सारा सरंजाम साधारण १५ ते २० हजार रुपयांत जमू शकतो. ऑडॅसिटीसारखे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते.

कुठे ठेवावा?

तंतुवाद्यासाठी मायक्रोफोन घोडीच्या रोखाने, दीड-दोन फुटांवर ठेवून सुरुवात करावी. बासरीसमोर तो थेट धरल्यास फुंकर आदळते. म्हणून थोडा वर आणि बाजूला ठेवावा. पेटीच्या बाबतीत भात्याकडची बाजू टाळावी. पखवाजासाठी एकच मायक्रोफोन असल्यास तो समोर, दोन्ही तोंडांपासून सारख्या अंतरावर ठेवावा. कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा आवाज कमी पडल्यास किंचित तिकडे सरकवावा. दर वेळी वीतभर हलवून हेडफोनने ऐकले, की फरक लगेच कळतो.

मुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर करावे. सर्वांत जोरकस थाप मापकावर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. शून्य ओलांडले की आवाज फाटतो आणि तो मागाहून सहसा सुधारत नाही. एका मायक्रोफोनच्या तासाभराच्या मुद्रणाला सुमारे अर्धा जीबी जागा लागते. मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि फाइलच्या नावातच वादक, वाद्य आणि तारीख लिहावी. आजोबांचा पखवाज कोणत्या वर्षी मुद्रित केला, हे नातवंडांना सांगणारे तेवढेच काय ते उरते.