कार्डाने दिलेली किंमत शेतकऱ्याच्या पदरी कशी पडते?

दिवाळीच्या सुमारास पनवेल तालुक्यात भाताची कापणी-झोडणी सुरू होते. खारघर, कामोठे, नवीन पनवेल या वसाहती जवळ असल्याने तांदूळ थेट कुटुंबांस विकणे शेतकऱ्यास सोयीचे असते. परंतु शहरातील गिऱ्हाईक पुष्कळदा मोबाईलवरच मागणी नोंदविते व किंमतही तेथेच कार्डाने देते. तेव्हा या व्यवहाराची रीत आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

गिऱ्हाइकाने कार्डाचा क्रमांक भरला की ती माहिती पैसे स्वीकारणाऱ्या मध्यस्थ संस्थेमार्फत, रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून, गिऱ्हाइकाच्या बँकेकडे जाते. ती बँक शिल्लक पाहते, बहुधा ओटीपी पाठवून खातरजमा करते आणि होकार कळविते. हे सारे काही क्षणांत घडते. तथापि होकार म्हणजे रक्कम नव्हे. आडत्याने पट्टी लिहिली म्हणजे पैसे हाती आले असे आपण मानीत नाही. तसेच हे आहे. बँकांचा आपसांतील हिशेब झाल्यावर मध्यस्थ संस्था आपला आकार वजा करून उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात भरते. त्यास बहुधा एक-दोन कामाचे दिवस लागतात.

आकार शेकडा २ धरल्यास ५०० रुपयांच्या तांदळामागे १० रुपये कमी होतात. रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून बँकेचा व्यापारी आकार नाही. तरी मध्यस्थ संस्था सेवेबद्दल काही घेते काय, हे आधी विचारावे व मगच भाव ठरवावा.

पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. गिऱ्हाइकाने दाखविलेल्या चित्रावर विसंबून माल देऊ नये. आपल्या नोंदीत व्यवहार दिसतो की नाही, हे स्वतः पाहावे.

२. फोनवरून कोणाचाही कार्ड-क्रमांक वा ओटीपी विचारू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यास कार्ड-क्रमांक साठविता येत नाही.

३. माल पोचल्याची पावती जपावी. माल मिळाला नाही अशी तक्रार गिऱ्हाइकाने बँकेकडे केल्यास जमा रक्कमही परत जाऊ शकते.

४. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. फसवणूक झाल्यास विलंब न लावता बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटाच्या बैठकीत एक लहानसा व्यवहार सर्वांसमक्ष करून दाखवावा आणि रक्कम जमा होईपर्यंतची प्रत्येक नोंद वहीत उतरवून घ्यावी.