चंद्राच्या तारखेला फुलणारी लिली

आपल्या सणांसारखाच ईस्टरही चंद्रावर चालतो. मार्चमधल्या विषुवदिनानंतर पौर्णिमा झाली की येणारा रविवार ईस्टरचा. तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही पडतो. २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला. अमेरिकेत या दिवशी चर्चमध्ये पांढऱ्या लिलीच्या कुंड्या मांडतात. खरं तर ही लिली उघड्यावर फुलते ती उन्हाळ्यात. तिला काही महिने आधी, तेही नेमक्या आठवड्यात फुलवणं हेच नर्सरीवाल्याचं कसब.

ही लिली मूळची जपानच्या ऱ्युक्यू बेटांवरची आणि तैवानची. अमेरिकेला कंद जपानहून येत. १९४१ मध्ये युद्धामुळे ते बंद झाले आणि भाव असे कडाडले की कंदांना ‘पांढरं सोनं’ म्हणू लागले. लुई हॉटन यांनी १९१९ मध्ये पेटीभर कंद ओरेगॉनच्या किनाऱ्यावर आणले होते; तिथे रुजलेली लागवड मग पसरली. आज कुंडीतल्या ईस्टर लिलीचे बहुतेक कंद ओरेगॉन-कॅलिफोर्निया सीमेवरच्या चिंचोळ्या किनारपट्टीतून येतात. विक्रीजोगा कंद तयार व्हायला तिथल्या शेतात तीन-चार वर्षं जातात.

शरदात काढलेले कंद सुमारे १,००० तास, म्हणजे सहा आठवडे, ४ ते ७ अंशांच्या ओलसर थंडीत ठेवतात. हा कृत्रिम हिवाळा सोसल्यावर रोप लवकर आणि एकसारखं फुलतं. त्यानंतर ग्रीनहाऊसमध्ये सुरू होतो पानांचा हिशेब. जानेवारीत नमुन्याची काही रोपं कापून, शेंड्यात दडलेली इवली पानंसुद्धा भिंगाखाली सुईने सुटी करून मोजतात. उलगडायची उरलेली पानं भागिले हाताशी असलेले दिवस, हा रोजचा हवा असलेला वेग. रोप त्याहून मागे पडलं तर ऊब वाढवायची, पुढे गेलं तर उतरवायची. ईस्टरच्या सहा आठवडे आधी कळ्या दिसल्या, की गणित जमलं.

तरीही कळ्या घाईला आल्याच, तर त्या पांढऱ्या पडून फुगल्यावर, उमलण्याआधी कुंड्या शीतगृहात ठेवता येतात. पण दहा-बारा दिवसच. दुसरीकडे, उशिरा फुललेल्या लिलीला कोणतंच शीतगृह वाचवत नाही. ईस्टरचा रविवार उलटला की तिला गिऱ्हाईक उरत नाही. म्हणूनच यंदाची कुंडी भरण्याआधी नर्सरीवाला पुढच्या वर्षीचा ईस्टर कधी आहे, ते पाहून ठेवतो.