एक न्यूट्रॉन की दोन? रेडिएशनच्या खोलीमागचे आकडे कसे ठरतात

मेढ्याहून कुणी कर्करोगाच्या रेडिएशनसाठी मुंबईला गेलं, तर उपचाराच्या खोलीचं अवजड दार लगेच नजरेत भरतं. दारात क्ष-किरण अडवायला शिसं असतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण 15 एमव्हीच्या यंत्रासाठी अनेकदा त्यात बोरॉन मिसळलेलं पॉलिथिनही भरतात. ते असतं न्यूट्रॉनसाठी.

हे न्यूट्रॉन यंत्रातल्याच शिशातून आणि टंगस्टनमधून येतात. पुरेशा ऊर्जेचा फोटॉन अणुकेंद्रकावर आदळला की त्यातून न्यूट्रॉन सुटतो. शिसे-208 साठी किमान 7.4 एमईव्ही ऊर्जा लागते. म्हणून 6 एमव्हीच्या यंत्रात ही कटकट जवळपास नसतेच.

किती न्यूट्रॉन सुटतील, याचा हिशेब तयार तक्त्यांवरून करतात. कोणत्या ऊर्जेला ही अभिक्रिया घडण्याची शक्यता किती, म्हणजे तिचा 'काटछेद' किती, हे त्यात असतं. हे आकडे एखाद्या प्रयोगातून थेट उचललेले नसतात. जगभरची मोजमापं तपासून, काही बाद करून, सिद्धांताशी ताडून ते ठरवतात. यालाच मूल्यमापन म्हणतात.

ते का लागतं? अमेरिकेतलं लिव्हरमोर आणि फ्रान्समधलं साक्ले या दोन नामांकित प्रयोगशाळांनी अनेक केंद्रकं मोजली आणि आकडे जुळेनात. फोटॉनमागे एकच न्यूट्रॉन सुटल्याच्या घटना साक्लेकडे जास्त, दोन सुटल्याच्या लिव्हरमोरकडे जास्त. शिशाच्या तर एकूण आकड्यांतच फरक. 1987 मध्ये बर्मन आणि सहकाऱ्यांनी फेरमोजणी करून लिव्हरमोरचे शिशाचे जुने आकडे वाढवायला हवेत, असं सुचवलं.

मग दोघांची सरासरी काढून मोकळं का होऊ नये? कारण दोष बहुधा एक-दोनच्या विभागणीत होता, आणि चुकीची विभागणी सरासरीने सुधारत नाही. समजा, मेढ्याच्या एसटी स्टँडवर 100 माणसं उतरली, काही एकटी, काही जोडीनं. जोड्या 50 हून जास्त असूच शकत नाहीत. मॉस्कोच्या वर्लामोव्ह यांच्या गटाने नेमका हाच निकष न्यूट्रॉनना लावला. काही जुन्या आकड्यांत 'जोड्या' निम्म्याहून जास्त निघाल्या, तर काही ठिकाणी एका न्यूट्रॉनचा काटछेद चक्क ऋण! शून्याहून कमी शक्यता कशी असेल?

पुढे जपानच्या न्यूसुबारू केंद्रात जवळपास एकाच ऊर्जेचे फोटॉन वापरून नवी मोजमापं झाली. त्यांचाही आधार घेऊन आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 2019 ची सुधारित माहितीसूची तयार केली. आधीच्या सूचीत 164 समस्थानिकं होती, हिच्यात 219 आहेत.

आपल्याकडे खारघरच्या इलेक्ट्रॉन बीम सेंटरमधल्या 10 एमईव्ही त्वरकावर थोरियम-युरेनियमच्या प्रकाशविखंडनाचे प्रयोग झाले आहेत. तिथले फोटॉन मात्र एका ऊर्जेचे नसतात, शून्यापासून 10 पर्यंतची सरमिसळ असते. त्यामुळे मिळणारा काटछेद हा सरासरी असतो. ती सरासरी कोणता वर्णपट धरून काढली, हे मूल्यमापन करणारा आधी पाहतो. ते दिलेलं नसेल, तर प्रयोग कितीही नेटका असला तरी तो आकडा बाजूलाच ठेवावा लागतो.